वहीतली चौथी गोष्ट

कूपकामाचा वर्ग, गोंडपिपरीजवळ
२२ फेब्रुवारी १९५८

लालसूभाऊले लटारू बोरकुट्याचा रामराम.

दसरू मास्तर, आधी तुमच्याशी बोलतो. लालसूभाऊले वाचता येत नाई म्हणून पत्र तुमच्या हाती देऊन राह्यलो. शाळा सुटली की त्याच्या घरी जा अन् त्याले एकट्यालेच वाचून दाखवा. गोटुलात चार लोकांपुढं वाचू नका. जसं लिहिलं तसंच वाचा, मधात आपली अक्कल लावू नका.

लालसूभाऊ, सात वर्षांनी याले काऊन आठवण झाली, असं तू म्हणशील. म्हण. मी आता जंगलखात्याचा नाकेदार नाई. गेली सहा वर्षं या वर्गात मास्तर आहो. सहा-सहा महिन्यांचा वर्ग असते. पंचवीस-तीस तरणे पोट्टे येतात, त्यायले झाड पाडणं, लाकूड कापणं, बंडी भरणं अन् मुकादमी शिकवतो. तुह्यापासून जे शिकलो तेच शिकवतो म्हण ना.

काम असं आहे का १४ तारखेले वर्गात एक अपघात झाला. एका पोट्ट्याच्या अंगावर झाड आलं. आता चौकशी लागली. ११ मार्चले मोठे साहेब येऊन राह्यले. जंगलात जन्म गेलेला एखादा जुना माणूस त्यायच्यापुढं दोन शब्द बोलला तं बरं होईन, असं माह्या मनात आलं. झाडाचा भरवसा नसते, ते सांगून पडत नाई, एवढंच सांगायचं आहे. आपल्या जुन्या गोष्टीत शिराचं काही काम नाई. साहेबानं विचारलं तरी म्हणायचं, लय दिवस झाले, ध्यानात नाई.

जंगूसोबत बंडी पाठवतो. त्याले तू वळखतेच, आता इथी वर्गाचा चौकीदार आहे. बंडीत तणस टाकलं आहे, तुह्या पायाले हिसका बसणार नाई. परवाच मार्कंड्याची जत्रा झाली. पन्नास साली आपण दोघं वैनगंगेच्या रेतीत बसून चिवडा खाल्ला होता, तू म्हणाला होता का देवळाच्या दगडाले बी ठोकून पाह्यलं पाह्यजे. मी किती हासलो होतो. या वर्षी मी गेलो नाई.

येशील ना?

तुहा,
लटारू


३ मार्च १९५८

लालसूभाऊ,

जंगू काल वापस आला. बंडी रिकामीच आली. मी त्याले म्हटलं, का म्हणाला? तं म्हणे, काही नाई. मास्तरनं पत्र वाचलं, लालसू कुऱ्हाडीचा दांडा तासत बसला होता, सारं आयकलं अन् बायकोले, नीलाबाईले, म्हणाला, याले मडक्यातलं पाणी दे. मंग म्हणाला, उन्ह उतरल्यावर निघ. बस.

एवढ्या लांब बंडी पाठवली अन् पाणी पाजून वापस लावली. दोन शिव्या दिल्या असत्या तं मी समजलो असतो. अंगणात उभं करून जंगूले म्हटलं असतं का सांग त्या लटाऱ्याले, मेला माह्यासाठी, तरी समजलो असतो. हे गप्प बसणं मले समजत नाई. तुले ठाऊक आहे मी तापट माणूस आहो. काल मी जंगूवर असा भडकलो का त्यानं डोक्याचा दुपट्टा काढून खाली ठेवला.

मास्तर, पुढचं बी एकट्यालेच वाचा.

मागच्या पत्रात मी अर्धंच सांगतलं. तो पोट्टा मेला. झिंगू त्याचं नाव, बावीस वर्षांचा. झाड छातीवर आलं. पाणी मागाले बी सवड भेटली नाई त्याले. त्या दिवशी मुकादमीचा पाठ मुखरूचा होता, शिट्टी त्याच्याजवळ होती. आता सारे म्हणतात, मुखरूनं शिट्टी वाजवली नाई म्हणून झिंगू मेला. मुखरूवर खटला भरणार आहेत. चामोर्शीचा पोट्टा आहे, मराठी सातवी पास. हाताखालच्या माणसाले आधी पाणी विचारून मंग स्वतः पिणारा. त्याच्या हातून काही चुकलं नाई, लालसूभाऊ. मी शिकवलं तसंच त्यानं केलं.

आता मी कसं शिकवतो ते सांगावं लागते, त्याबिगर तुले हे समजणार नाई. वर्ग निघाला तवा बाहेरून एक साहेब आले होते. त्यायनं आम्हा मास्तरांले सांगतलं, पुस्तक वाचून दाखवून हात शिकत नाई, खरी घडलेली गोष्ट सांगा. कुठी, कवा, कोणाच्या हातून का झालं ते सांगा. मंग पोट्ट्यांले विचारा, चूक कोणाची? तुम्ही तिथी असते तं का केलं असतं? मंग तेच त्यायच्याकडून करून घ्या. मले ते पटलं. मी एक वही केली, तिच्यात अकरा गोष्टी लिहिल्या. बंडी उलटली ती गोष्ट, करवत अडकली ती गोष्ट, उतारावर ओंडका सुटला ती गोष्ट. मोहाच्या झाडाखाली पोट्टे बसवायचे, गोष्ट सांगायची अन् बांबू उभा करून तिचं सोंग करायचं. एक पोट्टा तोडणारा, एक मुकादम, बांबू म्हणजे झाड. खोटं कायले सांगू, अशानं पोट्टे लवकर शिकतात. पाठ केलेलं विसरतात, पण गोष्ट विसरत नाईत.

वहीतली चौथी गोष्ट तुह्या नावाची आहे.

तिच्यात मी थोडं इकडचं तिकडं केलं आहे. शिकवाले सोपं जावं म्हणून. ते सारं इथी लिहीत नाई, मास्तर वाचून राह्यले. तू आला का समोर बसून सांगतो. ११ तारखेले आता आठच दिवस राह्यले. जंगूले आजच वापस लावून राह्यलो. त्याच्या पायाले फोड आले तरी जातो म्हणाला. त्याच्याकडं पाहून तरी ये.

लटारू


११ मार्च १९५८

लालसूभाऊ,

तू आला नाई. जंगू म्हणे, दुसरं पत्र बी आयकलं, तसाच बसला होता, पाणी दिलं.

आज चौकशी झाली. ती कशी झाली ते सांगतो अन् मंग जे सांगाले पाह्यजे तेच सांगतो. मास्तर, आता हे एकट्याले वाचू नका. गोटुलासमोर वाचा, साऱ्या गावाले बोलवा, बायामाणसांले बी. ज्याले मराठी समजत नाई त्याले तुमच्या माडिया बोलीत सांगा. एक शब्द गाळाल तं तुम्हाले माही शपथ आहे.

पहिले चौथी गोष्ट, वहीत आहे तशी. 'सन १९५१, जानेवारी. लालसू नावाचा तोडणारा एक मोठं, ठोस सागवान पाडत होता. झाडात कडकड आवाज झाला. मुकादमाची शिट्टी झाली नव्हती, तरी लालसू घाबरून जागा सोडून पळाला. भलत्या बाजूनं पळाला म्हणून झाड पायावर आलं. पाय गेला. बोध : शिट्टी झाल्याशिवाय जागा सोडू नये.' मंग मी विचारतो, चूक कोणाची? सारे पोट्टे एका दमात म्हणतात, लालसूची. सहा वर्षांत बारा वर्ग झाले, बारा खेपा.

मंग सोंग होते. एक पोट्टा लालसू होते, बांबू हालला का पळते, पडते, लंगडते. बाकीचे पोट धरून हासतात. मी बी हासलो आहो. वर्गात कोणी भ्याला का त्याले म्हणतात, 'लालसू झाला रे.' करवत घसरली तरी लालसू, साप दिसला तरी लालसू. या वर्गात लालसूचं सोंग झिंगूनं केलं होतं. त्यानं ते इतकं चांगलं केलं का पंधरा दिवस त्याले कोणी झिंगू म्हटलंच नाई.

१४ तारखेले त्यानं खऱ्या झाडाले कुऱ्हाड लावली. समोरची खाच बरोबर घेतली, मागचा काप घेऊन राह्यला होता. आतून आवाज आला. मी वीस पावलांवर उभा होतो, मले आयकू आला. त्यानं मान वर केली, एक पाय मागं घेतला. पळणार होता तो. मंग त्यानं आमच्या साऱ्यांच्या तोंडाकडं पाह्यलं अन् पाय वापस जागेवर आणला. मुखरूच्या तोंडात शिट्टी होती. शेंडा हातभर कलला का शिट्टी मारायची, असं मीच शिकवलं होतं. झाड कललंच नाई. पोकळ होतं. बुडातच फुटलं, सरळ खाली बसलं अन् त्याच्या अंगावर आलं.

मी साहेबाले आज हे सारं सांगतलं. म्हटलं, मुखरूचा दोष नाई, माह्या पाठाचा दोष आहे, आवाज झाला का तोडणाऱ्यानं पळालंच पाह्यजे. साहेब म्हणाले, पण पळाल्यानं एकाचा पाय गेला, तुमच्याच वहीत आहे. म्हणजे पाठ बरोबर आहे, शिट्टीच उशिरा झाली. मी म्हटलं, साहेब, ती गोष्ट खोटी आहे. तवा त्यायनं चष्मा काढला.

"बोरकुटे, सहा वर्षं तुम्ही ही गोष्ट शिकवलीत. अक्षर तुमचं, रिपोर्टवर सही तुमची, खाली त्या माणसाचा अंगठा. आज विद्यार्थी अडकला म्हणून तुम्ही गोष्ट बदलता?"

मी म्हटलं, लालसू आहे, त्याले विचारा. साहेब म्हणाले, मग आणा त्याला. मी म्हटलं, तो येत नाई. ते म्हणाले, झाडाचा खुंट तरी दाखवा. मी म्हटलं, जाळला. कोणी? मीच जाळाले लावला. त्यायनं कागद गोळा केले. माणूस चांगला आहे, मले हाकलून नाई लावलं. २७ तारखेपर्यंत मुदत दिली. तवर मले वर्ग सोडून जाण्याची मनाई आहे, नाई तं आजच तुह्या अंगणात येऊन पडलो असतो.

म्हणून आता गावापुढं सांगतो. तू पळाला नाई.

तू उभा होता. मी हात वर करून थांब म्हणालो म्हणून उभा होता.

आदल्या दिवशी तोडाच्या झाडांवर माह्या नंबराचा हातोडा माराले मी गेलो होतो. नाकेदारानं ठोकून पाह्याचं असते, मंगच ठप्पा माराचा असते. मी ठोकलं नाई. उन्ह होतं, कंटाळा आला होता, पटापट ठप्पे मारत गेलो. दुसऱ्या दिवशी तवाचे मोठे साहेब तोडीचं कूप पाह्याले येणार होते अन् साऱ्यात मोठं झाड त्यायच्यासमोर पाडतो अशी फुशारकी मी मारली होती. तू सकाळी आला. कुऱ्हाडीच्या पाठीनं खोडावर तीन ठोके मारले, कान लावला अन् म्हणाला, नाकेदार, हे पोटात रिकामं आहे, याले राहू दे. तुम्ही माडिया लोकं तोडण्याआधी ठोकता ते मले देवाचं काम वाटे. झाडाची परवानगी मागतात, असं मी मानून चाललो होतो. मी म्हटलं, तुहं देवदेव संध्याकाळी कर, साहेब उभे आहेत. सारे हासले. तू कमरेचा पंचा खोचून कुऱ्हाड उचलली.

आवाज झाला तवा तू माह्याकडं पाह्यलं. साहेब बाजूले होते. माह्या मनात आलं, हा आता पळाला तं माहं नाक कापलं जाईल. मी हात वर केला. तू थांबला. चार साल एका कुपात काम केलं होतं आपण, त्या हातावर तुहा भरवसा होता.

मंग साहेबानं विचारलं, कसं झालं? माह्या तोंडून निघालं, पळाला. बस, एक शब्द. तो माघारी घेता आला असता. दुसऱ्या दिवशी बी आला असता. मी मात्र त्याच्यावर रिपोर्ट लिहिला. तू दवाखान्यात तापानं फणफणत पडला होता, तवा तुहा अंगठा मीच धरून शाईत बुडवला. झाड ठोस होतं असं लिहिलं अन् पोकळ खुंट कोणी पाहू नये म्हणून जंगूले तो जाळाले लावला. पुढं या वर्गात मास्तर झालो अन् बाहेरचे साहेब म्हणाले खरी गोष्ट सांगा, तवा पहिल्यानं हीच डोक्यात आली. सांगून सांगून मलेच खरी वाटाले लागली होती. मले वाटे, तू पळालाच असशील.

तोडण्याआधी ठोकून पाह्यणं मी वर्गात शिकवलंच नाई. चौथ्या गोष्टीत ते हासण्यापुरतं ठेवलं. झिंगूनं सोंगात बांबूले तीन ठोके मारून कान लावला होता, त्यावर पोट्टे सगळ्यात जास्त हासले. खऱ्या झाडाले त्यानं ठोका मारला नाई.

मुखरूची माय, शकुबाई, चामोर्शीहून पायी आली. वर्गासमोर मोहाखाली बसून असते. मी बाहेर निघालो का विचारते, मास्तर, माह्या पोट्ट्यानं शिट्टी उशिरा वाजवली का? मी म्हणतो, नाई बाई. मंग साहेबाले काऊन नाई सांगत? सांगतलं बाई. मंग साहेब काऊन नाई आयकत? ती राग बी करत नाई, उद्या अजून विचारते.

अन् मुखरू म्हणते, चूक माहीच आहे. त्याले मी चौथी गोष्ट इतकी चांगली शिकवली का तो आपल्या डोळ्यांनं पाह्यलेलं बी मानत नाई. शिट्टी मुठीतून सोडत नाई, जेवत नाई. २७ तारखेले तो जबाबावर सही करणार आहे का झिंगू माह्यामुळं मेला. एकदा सही केली का कोणी काही करू शकत नाई. तुहा अंगठा घेतला तवा मले हे ठाऊक होतं.

ये लालसूभाऊ. माह्यासाठी नको येऊ. साहेबासमोर माह्या थोबाडात मार अन् सांग. पाया पडतो तुह्या. तुहा एक पाय मी नेला, राह्यलेल्यावर डोकं ठेवतो.

लटारू


१७ मार्च १९५८

लालसूभाऊ,

जंगू म्हणे, पत्र गोटुलासमोर वाचलं. तूच एक गोष्ट विचारली. झिंगूचं तोंड कुठल्या बाजूले होतं?

सात वर्षांत तुहा पहिला शब्द आला अन् त्याचा जबाब माह्याजवळ आहे. झाडाकडं होतं. पाय जागेवर रोवलेले होते. आम्ही त्याले काढलं तवा कुऱ्हाड बी हातात होती. तो उभा होता लालसूभाऊ, तुह्यासारखाच.

तू हे विचारलं म्हणजे तुले पडली आहे. मी हे धरून बसलो आहो. जंगू म्हणते, येईल का नाई ते सांगता येत नाई, त्याले पोट्टे हासतील असं वाटत असन. कोणी हासणार नाई. हासाले आता कोणाजवळ तोंड नाई इथी.

काल मुखरूच्या हातून शिट्टी घ्याले गेलो तं त्यानं माहा हात झटकला. म्हणाला, "मास्तर, तुम्ही मले वाचवाले खोटं बोलून राह्यले. मले नाई पाह्यजे."

आता सांग, मी कोणापाशी जाऊ? माहं खोटं साऱ्यांनं मानलं, खरं कोणी मानत नाई. रोज सकाळी उठून वही उघडतो अन् चौथ्या गोष्टीवर रेघ मारतो. आता ती वाचता येत नाई इतक्या रेघा झाल्या. पण पोट्ट्यांले पाठ आहे. त्यायच्या डोक्यातून कशी काढू?

दहा दिवस आहेत. बंडी गावाच्या येशीवर उभी ठेवाले सांगतलं आहे. जंगू तिथीच राहील.

लटारू


२९ मार्च १९५८

लालसूभाऊले जोहार.

२७ तारखेले सकाळपासून मी रस्त्याकडं तोंड करून बसलो होतो. साहेब आले, टेबल लागलं, मुखरूले बोलावलं. त्यानं आंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. शकुबाई त्याच्या मागं उभी होती. कारकुनानं जबाब वाचून दाखवला अन् मुखरूनं टाक हातात घेतला. तवा बंडीचा आवाज आला.

मी धावलो. बंडीत तू नव्हता. तणसावर गोणपाटात बांधलेलं काहीतरी होतं अन् जंगू त्याच्यावर हात ठेवून बसला होता. मी त्याले म्हटलं, कुठी आहे तो? जंगूनं ते गोणपाट उचललं, माह्याकडं पाह्यलं बी नाई अन् सरळ साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

दीड हात रुंद सागवानाचं कडं. मधात गोल पोकळ अन् आतल्या काठावर मडक्याच्या बुडाच्या ओलीनं पडलेला काळा वळ. मले पहिले समजलंच नाई. मंग जंगूनं ते फिरवलं अन् सालीच्या अंगाले ठप्पा दिसला. चौदा नंबर. माहा हातोडा.

तवा जंगू बोलला. सात वर्षं माह्याजवळ राह्यला, माहा चहा केला, माह्या शिव्या खाल्ल्या, पण याचं कधी बोलला नाई. म्हणाला, साहेब, खुंट मीच जाळला, पण जाळण्याआधी वरचा काप काढून लालसूच्या घरी नेऊन दिला. त्यानं दवाखान्यातून निरोप पाठवला होता. तवापासून नीलाबाई त्याच्यावर पाण्याचं मडकं ठेवते. याच्याआधी मी तीन खेपा गेलो, तीनदा त्याच मडक्याचं पाणी पेलो.

साहेबानं जुना रिपोर्ट काढला. झाड नंबर, हातोडा नंबर, सारं जुळवलं. मंग त्या पोकळीत हात घातला, तो कोपरापर्यंत आरपार गेला. मले विचारलं, हे झाड ठोस होतं असं तुम्ही लिहिलंत? मी म्हटलं, हाव. झिंगूचा खुंट तिथून शंभर पावलांवर आहे, तो बी जाऊन पाह्यला, तसाच पोकळ. त्याच्यावर बी ठप्पा चौदाच, वर्गाच्या झाडांवर बी तो हातोडा मीच न ठोकता मारत आलो. मुखरूच्या हातातला टाक साहेबानं स्वतः काढून घेतला अन् माह्याकडं दिला. माहा जबाब मी माह्या हातानं लिहिला, पाच पानं. तुह्यावाला अंगठ्याचा कागद रद्द झाला.

शकुबाईनं मले त्या दिवशी काही विचारलं नाई.

जंगूजवळ तुहा निरोप होता. त्यानं तो संध्याकाळी, चूल पेटवता पेटवता सांगतला. 'लाकूड पाठवलं. त्याले म्हण, माहं नाव वापस पाठव.'

मी लय विचार केला, नाव कसं वापस पाठवतात. काल साहेबाकडं एक तास मागितला. मले आता शिकवाची मनाई आहे, तरी दिला. मोहाखाली पोट्टे बसवले. फुलं पडून राह्यली होती, कोणी वेचत नव्हतं. ते कडं मधात ठेवलं. बांबू उभा केला नाई, सोंग केलं नाई. चौथी गोष्ट सुरुवातीपासून सांगतली, हातोड्यापासून अंगठ्यापर्यंत अन् त्याच्यापुढं झिंगूपर्यंत. मंग नेहमीसारखं विचारलं, चूक कोणाची?

कोणी बोलेना. बारा वर्गांत पहिल्यांदा असं झालं. काही पोट्टे रडत होते. मास्तरच्या तोंडावर कोण बोलणार? मी अजून एकदा विचारलं, माहा आवाज चढला, तुले ठाऊक आहे तसा. तवा मुखरू उठला. शिट्टी मुठीत होतीच.

"मास्तर, तुमची."

मी म्हटलं, बस खाली, बरोबर आहे. त्यानं शिट्टी कड्यावर ठेवली अन् तो बसला. मंग मी त्यायले उठवलं अन् जंगलात नेलं. एकेका पोट्ट्याले दहा-दहा झाडं ठोकाले लावली. तीन ठोके अन् कान. जंगूनं शिकवलं, मले नीट येत नाई. तास संपला तरी कोणी वापस निघाले तयार नव्हतं.

परवा मले चांद्याले नेणार आहेत. तिथी का होईन ते होईन, त्याचं मी तुले सांगत बसत नाई. झिंगूच्या घरी बी पत्र लिहिलं, ते तुह्या पत्राहून लहान झालं.

वहीतलं चौथ्या गोष्टीचं पान फाडून या पत्रात ठेवलं आहे. चुलीत घाल नाई तं ठेव. नवीन पानावर गोष्टीचं नाव 'लटारू नाकेदाराची चूक' असं आहे. तुहं नाव तिच्यात एकाच जागी आहे, तू ठोकून सांगतलं होतं तिथी. पोट्ट्यांले मी विचारलं, आता कोणी भ्याला का त्याले का म्हणाल? एक म्हणाला, काही नाई म्हणणार मास्तर, पळ म्हणू.

कडं साहेबानं ठेवून घेतलं, कागद पुरे झाले का वर्गात राहील. म्हणून पोट्ट्यांनी दोन दिवसांत ऐनाच्या लाकडाचं दुसरं कडं करून पाठवलं आहे. आधी ठोकून पाह्यलं, मंग कापलं. नीलाबाईले म्हण, मडकं नीट बसते का पाहा.

हे पत्र दसरू मास्तर वाचून नाई राह्यले, हे तुह्या ध्यानात आलं असन. जो पोट्टा तुह्यासमोर उभा राहून वाचते आहे, तोच मुखरू. मी दुसऱ्याजवळ देत होतो, पण त्यानं माह्या हातातून घेतलं. अजून नीट जेवत नाई. इथपर्यंत वाचता वाचता त्याचा आवाज अडकला असन तं त्याले बसव अन् मडक्यातलं पाणी दे.

लटारू